मुलाखतीतली तिसरी बाई

मेळघाटातल्या एखाद्या बाईच्या मनात काय चाललंय हे पुण्या-मुंबईच्या संशोधकापर्यंत पोचायचं, तर ते चार भाषांमधून वाट काढत येतं. घरात ती कोरकू बोलते. धारणीच्या बाजारात, एसटीत, किराणा दुकानात हिंदी. तिची मुलं आश्रमशाळेत मराठी शिकतात, तहसीलचा कागदही मराठीत येतो. आणि तिच्याविषयीचा शोधनिबंध छापून येतो इंग्रजीत. यातला सगळ्यात अवघड टप्पा पहिलाच, कोरकूतून हिंदीत येण्याचा. तो पार पाडणारी बाई बहुतेक वेळा बारावी झालेली, पंचविशी-तिशीतली, त्याच तालुक्यातली असते. निबंधात तिच्या वाट्याला एक वाक्य येतं: 'मुलाखती स्थानिक दुभाषांच्या मदतीने घेण्यात आल्या.' मी मानसिक आरोग्याच्या अभ्यासांमध्ये मुलाखती घेण्याचं काम करते. त्या एका वाक्यात जे मावत नाही ते लिहून काढावं, असं बरेच दिवस मनात होतं.

आधी भाषेविषयी. कोरकूला आपल्याकडे सर्रास 'बोली' म्हणून टाकतात, जशी काही ती वऱ्हाडीसारखी मराठीचीच एक तऱ्हा आहे. ते साफ चूक आहे. कोरकू मुंडा कुळातली. तिच्या बहिणी म्हणजे झारखंड-ओडिशाकडच्या संताळी, मुंडारी आणि 'हो' या भाषा. त्या कुळातली ही सगळ्यात पश्चिमेची भाषा, सातपुड्याच्या रांगांमध्ये मध्य प्रदेशातल्या बैतूल-खंडव्यापासून आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्यापर्यंत बोलली जाणारी. २०११च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. संताळी २००३ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, कोरकूला तिथे अजून जागा नाही. आमच्या कामापुरता याचा अर्थ एवढाच की मराठी किंवा हिंदी येणाऱ्या माणसाला कोरकू कान देऊन, अंदाजाने समजत नाही. 'टेन्शन', 'बीपी', 'दवाखाना' असे उसने शब्द मधूनच कानावर पडतात आणि त्यांच्या मधलं सगळं निसटून जातं. अशा वेळी समोरची बाई जे बोलते त्यातलं मला जे कळतं, ते दुभाषी जेवढं सांगेल तेवढंच.

आमच्या हातात असते प्रश्नावली. नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ त्यातली सगळ्यात ओळखीची. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी २००१ साली तिच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. १० किंवा त्याहून अधिक गुण झाले की त्या व्यक्तीची नीट तपासणी व्हायला हवी असं सहसा मानतात. प्रश्न असतात गेल्या दोन आठवड्यांबद्दल: कशात रस वाटेनासा झालाय का, झोप लागते का, भूक कशी आहे, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. उत्तरं द्यायची ती दिवसांच्या मापात: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

आता ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही, जिच्या घरात कॅलेंडर नाही, तिला 'निम्म्याहून जास्त दिवस' कसं विचारायचं? यावर वाट काढली ती आमच्याबरोबर काम करणाऱ्या दुभाषी ताईने. दोन आठवडे म्हणजे दोन बाजार. 'मागच्या बाजाराच्या आधीचा जो बाजार झाला, तेव्हापासून आजपर्यंत' असं म्हटलं की बाई लगेच मनातल्या मनात मागे जाते; त्या बाजारात काय घेतलं, कोण भेटलं हेही सांगते. मग ताई अंगणातले १४ खडे उचलून सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडायची. 'यातल्या किती रात्री झोप लागली नाही? तेवढे खडे माझ्याकडे सरकव.' मी पाहिलंय, पदर तोंडाशी धरून बसलेली बाई खडे सरकवताना बोलायला लागते. एकेक खडा एकेक रात्र होते. 'ही पोरगा तापाने फणफणला होता ती, ही नवरा पिऊन आला ती, ही उगाचच.' त्या 'उगाचच'वर ताई थांबायची आणि माझ्याकडे बघायची. आम्हाला शोधायची असते ती तीच रात्र, जिला कारण सांगता येत नाही.

प्रश्नावलीचं भाषांतर कसं करायचं याची एक ठरलेली रीत आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, जाणकारांनी ते तपासायचं, मग मूळ न पाहिलेल्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि शेवटी थोड्या लोकांवर वापरून बघायचं. ही रीत चांगलीच आहे. पण मेळघाटात आमच्या हातातला छापील कागद हिंदी असतो आणि कोरकू वाक्य दर वेळी दुभाषीच्या तोंडात नव्याने तयार होतं. सकाळच्या पहिल्या मुलाखतीत ते एक असतं, दुपारी दमल्यावर दुसरं. म्हणून प्रत्येक प्रश्न तिच्याबरोबर बसून, तिच्याच तोंडून दहादा म्हणवून पक्का करावा लागतो. एका प्रश्नावर अख्खी दुपार गेली तरी हरकत नाही. तिथे जे मिळतं ते पुढे कुठल्याही सांख्यिकीने मिळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नवव्या प्रश्नावर. तो मरणाचा. 'मेलेलं बरं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का?' हे विचारताना दुभाषीचा आवाज बदलतो. हे मी एकीचं नव्हे, बहुतेक सगळ्यांचं सांगते आहे. आवाज खाली येतो, वेग वाढतो आणि प्रश्नाच्या शेपटीला एक 'ना' चिकटतो. 'असे विचार तर येत नाहीत ना?' समोरची मान हलवते, दुभाषीचा जीव भांड्यात पडतो आणि कागदावर ० पडतो.

हा 'ना' कुठून येतो ते आपल्या घरात कान दिला तरी कळतं. आजारी माणसाजवळ बसलं की आपण म्हणतोच, 'ताप तर नाही ना?' 'फार दुखत नाही ना?' ते विचारणं म्हणजे काळजी करणं. दुभाषी ताई समोरच्या बाईशी माणसासारखी वागत असते, आणि पाठ्यपुस्तकाला हवा असलेला प्रश्न मात्र कोरडा, दोन्ही बाजूंनी उघडा असतो. प्रशिक्षणात 'सूचक प्रश्न विचारू नका' असं कितीही घोकून घेतलं तरी ओट्यावर बसल्यावर तो 'ना' परत येतो. शेवटी एकदा ताईनेच विचारलं, 'दीदी, तिने हो म्हटलं तर पुढे काय?' खरी गोष्ट तिथे होती. तिला म्हणायचं होतं: तुम्ही तर संध्याकाळच्या गाडीने जाणार. रात्री त्या बाईला काही झालं, तर दार माझं वाजणार.

आणि पोलिसांची भीती होती. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यानंतर काय बदललं ते कोणी जाऊन सांगितलेलं नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ने ठरवलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम त्या रूपात राहिलेलंच नाही. मग विचार मनात आला एवढं सांगणाऱ्या बाईकडे पोलीस येण्याचा प्रश्नच नाही. हे सगळं आम्ही ताईला नीट समजावलं. त्यानंतर कागदावर लिहून ठरवलं: उत्तर 'हो' आलं तर मुलाखत तिथेच थांबवायची, त्या बाईजवळ कोण बसणार, फोन कोणी कोणाला करायचा, धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी कोण देणार, सोबत कोण जाणार, दुसऱ्या दिवशी घरी कोण डोकावणार. यातलं एकही काम एकट्या दुभाषीवर टाकायचं नाही.

त्या दिवसानंतर 'ना' गेला. तिला शब्द शिकवून तो गेला नसता. 'हो' ऐकण्याची ताकद तिच्या पाठीशी उभी केली म्हणून गेला. एवढी एकच गोष्ट या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आग्रहाने सांगत असते: जिथे उत्तर झेलायची सोय नाही, तिथे प्रश्न कुठल्याही भाषेत नीट विचारला जाणार नाही.

दुभाषी काय करतो यावर बाहेर बराच अभ्यास झालाय. त्यातला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. स्पॅनिश बोलणारे पालक आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर यांच्या १३ भेटी त्यांनी ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द तपासल्या. ३९६ चुका सापडल्या, म्हणजे दर भेटीत सरासरी ३१. निम्म्याहून थोड्या जास्त चुका गाळण्याच्या होत्या: सांगितलेलं पुढे पोचलंच नाही. आणि ६३ टक्के चुका अशा, की त्यांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. रुग्णालयाने नेमलेल्या दुभाषांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होतं. नर्स, सामाजिक कार्यकर्ते, अगदी अकरा वर्षांचं भावंड अशा ऐनवेळी मधे बसवलेल्यांच्या बाबतीत ७७. बालरोगाच्या दवाखान्यातल्या भेटींमध्ये हे होतं. तिथे मूल समोर असतं, डॉक्टर हात लावून बघू शकतो. मनाच्या दुखण्यात हात लावून बघायला काही नसतं, सगळी तपासणी बोलण्यातच.

मग हे काम कोणी करायचं? गावात शिरलं की तीन माणसं आपणहून पुढे येतात. पहिली आशाताई. तिला घरनघर माहीत असतं, कोरकू-हिंदी-मराठी तिन्ही येतात आणि ती कामाला वाघ असते. पण गरोदर बायकांच्या नोंदी तिच्या वहीत, लसीकरण तिच्याकडे, बाळंतपणाला दवाखान्यात नेणारी तीच. तिच्यासमोर 'नवरा मारतो' किंवा 'मूल नकोसं वाटतं' असं बोलायला बाई कचरते. त्यात तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, तिच्या गळ्यात हे आणखी घालणं मला पटत नाही. दुसरे गुरुजी. ते पुरुष, बहुधा बाहेरगावचे, आणि त्यांच्यासमोर बायका गप्पच बसतात. तिसरी म्हणजे सुट्टीला घरी आलेली आश्रमशाळेतली पोरं. त्यांची मराठी स्वच्छ असते, उत्साह दांडगा असतो आणि संशोधकाला मोह होतो. तो मोह कटाक्षाने टाळावा. आईला मरावंसं वाटतं हे तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगायचं, याला कुठलंही कारण पुरेसं नाही.

आम्ही तालुक्यातलीच, पण दुसऱ्या टोकाच्या गावची बाई घेतो. तरी पूर्ण परकी अशी कोणी सापडतच नाही. लग्नसंबंधांनी सगळी गावं एकमेकांत गुंतलेली असतात. 'तू अमक्याच्या घरची का?' इथपासून सुरुवात होते आणि पाच मिनिटांत नातं निघतं. आम्ही एक रीत पाळतो. मुलाखतीआधी त्या बाईला दुभाषीशी दोन मिनिटं मोकळं बोलू द्यायचं, मी लांब उभी राहते. त्यानंतर ती बाई 'हिच्यासमोर नको' म्हणाली तर कारण न विचारता दुसरी दुभाषी. गावागावांतल्या जाती-जमातींच्या उतरंडीचाही विचार लागतो. मेळघाटात कोरकूंबरोबर गोंड आहेत, निहाल आहेत, गवळी आहेत, बलई आहेत. निहाल घरात गेल्यावर एरवी लाघवी असलेल्या कोरकू दुभाषीचं बोलणं तुटक होतं का, याकडे लक्ष ठेवावं लागतं. भाषा कळत नसली तरी कुणी कुणाशी कसं बोलतंय हे कळतं. पाणी विचारलं का, घेतलं का, ओट्यावर कुठे बसली, हे सगळं दिसतं.

संमतीचंही तेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना निष्पक्ष साक्षीदार हजर हवा. पुष्कळदा दुभाषीचीच सही साक्षीदार म्हणून घेऊन मोकळे होतात. जी संमतीपत्र समजावून सांगते तीच ते नीट समजावलं याची साक्षीदार कशी होईल?

व्यावसायिक दुभाषांचा एक नियम आहे: समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'ती म्हणते की' असं नाही. न्यायालयांत, रुग्णालयांत तो पाळला जातो आणि त्यामागे विचार आहे. त्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांकडे बघून बोलतात, दुभाषी मधे मधे येत नाही. आम्हीही तसंच शिकवलं. एका दुपारी एक तरुण आई, ओट्यावर मोहाची फुलं पसरून निवडत, गेल्या पावसाळ्यात गेलेल्या बाळाबद्दल बोलत होती. हात सारखा चालू, मान खाली. ताई तिच्या वाक्यामागोमाग हिंदीत सांगत होती. 'मैं रात को उठ जाती हूँ. मैं चूल्हे के पास बैठती हूँ. मुझे लगता है दूध उतर रहा है.' आणि मग मधेच, काही न ठरवता, ताई म्हणाली, 'वो बोल रही है कि वो जंगल में चली जाती है.' मी लिहिता लिहिता वर पाहिलं. ताई माझ्याकडे नव्हे, मोहाच्या फुलांकडे बघत होती. 'मैं'चं 'वो' झालं होतं. त्या वाक्याच्या आत राहणं तिला जमेना, ती बाहेर येऊन उभी राहिली होती.

मी मुलाखत थांबवली. पाणी मागितलं, तिघी प्यालो, निवडायला दोन मुठी फुलं मीही ओढून घेतली. नंतर आम्ही ठरवलं की 'मैं' आणि 'वो' यातलं काय वापरायचं ते ताईने ठरवायचं, आणि जिथे बदल होईल तिथे मी समासात एक बारीक खूण करायची. त्या खुणा मला आता फार मोलाच्या वाटतात. मुलाखत कुठे जड झाली ते त्या कुठल्याही गुणांकनाआधी सांगतात. आणि माझ्यासाठी त्या इशारा असतात, की मधे बसलेल्या बाईला आता थोडा वारा हवा आहे. दिवसभर दुसऱ्याचं दुःख 'मी' म्हणून बोलणं हे शरीराचं काम आहे. संध्याकाळी तिचा आवाज बसतो, डोकं दुखतं. घरी जाऊन सैपाक करायचा असतो आणि कोणाला काही सांगायचं नसतं.

न सांगण्याची ही अट फार कडक आहे. गोपनीयतेच्या कागदावर सही माझीही असते आणि तिचीही, पण माझी सही घेऊन मी पुण्याला येते. होळीला, जेव्हा कामाला बाहेर गेलेली सगळी माणसं मेळघाटात परततात, पाच दिवस नाच-गाणं चालतं, फगवा म्हणजे होळीची बक्षिसी मागितली जाते, तेव्हा ताईला त्या सगळ्या बायका भेटतात. कोणी तिला बघून वाट बदलते. कोणी उलट सोडतच नाही, कोपऱ्यात नेऊन पुढचं सगळं सांगते. नवरा विचारतो, 'काय काय सांगतात गं तुला?' सासू विचारते. ताईने एक उत्तर ठरवून टाकलं होतं: 'झोपेचं विचारतो आम्ही, बाकी काही नाही.' ते तिचं तिनेच शोधलं. प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तिकेत असं वाक्य तयार मिळत नाही, मिळायला हवं.

दुभाषीने नीट सांगितलं का हे तपासायची रीत म्हणजे ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोरकू जाणणाऱ्याकडून ऐकवून घेणं. अभ्यासाच्या दृष्टीने ते आवश्यकच. पण त्याचा अर्थ बाईची गोष्ट आणखी एका कानात गेली. तो कानही त्याच तालुक्यातला, कारण कोरकू येणारी माणसं दुसरीकडून आणणार कुठून? आवाज ओळखू येतो. नावं गाळली तरी 'माझ्या दिराचं ट्रॅक्टर उलटलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला घर कळतं. यावर आमच्याकडे पक्कं उत्तर नाही. आम्ही खंडवा-बैतूलकडची कोरकू माणसं शोधतो. तिथली बोलण्याची ढब थोडी वेगळी, पण समजतं. सगळं न ऐकवता निवडक भाग ऐकवतो, आणि तो निवडताना ताईला बरोबर घेतो. तिच्या पाठीमागे तिची तपासणी होते आहे असं तिला वाटता कामा नये.

दुभाषीला नळासारखं मानलं, या बाजूने ओतलं की त्या बाजूने जसंच्या तसं पडावं असं, तर हातचं खूप काही जातं. एका आजीने 'इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला येतात का?' यावर ठामपणे हो म्हटलं. प्रश्नावलीप्रमाणे ती खूण गंभीर. ताईने माझी परवानगी घेतली आणि आपणहून तीन-चार गोष्टी विचारल्या: कोणाचा आवाज, देव अंगात येतो तेव्हाच की एकटी असतानाही, काय सांगतो, भीती वाटते का, कामं होतात का. गेलेला नवरा सणाच्या आदल्या रात्री येऊन बोलतो, आणि तो आला नाही तरच आजीला चैन पडत नाही. हे दुखणं नाही, ताईने मला सांगितलं, असं आमच्याकडे होतं. दुसऱ्या एका घरात मात्र तिने उलट सांगितलं. तिथला तरुण जे बोलत होता ते पडिहाराच्या, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो त्याच्या, अंगात येण्यासारखं अजिबात नव्हतं, घरच्यांनी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूकडे, नेऊन पाहिलं होतं आणि भूमकाच म्हणाला होता, हे माझ्याकडचं नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ साली इशारा दिला होता की एका समाजात घडवलेला आजाराचा साचा दुसऱ्या समाजावर बसवला की तो कुठे ना कुठे बसतोच, पण त्याने तिथलं दुखणं समजलं असं होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मिचेल वाईस आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांबरोबर काम करताना मुलाखतीची एक पद्धत उभी केली, १९९२ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात माणसाला त्याचं दुखणं त्याच्याच शब्दांत, त्याच्याच कारणांसकट सांगू देतात. हे सगळं वाचून मला जे उमगलं, ते मेळघाटात हाताशी येतं ते दुभाषीमुळे. तिचं ज्ञान प्रश्नावलीच्या बाहेरचं आहे आणि मुलाखतीच्या आत आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १२ राज्यांतल्या ३९ हजारांवर लोकांच्या मुलाखती घडवून आणल्या. प्रौढांमध्ये सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता, हा आकडा तिथून आला आणि अजूनही सगळीकडे वापरला जातो. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. असे आकडे लागतातच, त्यांच्यावर निधी आणि डॉक्टर मिळतात. पण कुठल्याही आकड्याच्या बुडाशी अंगण, ओटा आणि दोन-तीन माणसांचं बोलणं असतं. ते बोलणं चांगलं होण्यावर आपण किती खर्च करतो?

अर्जांची अंदाजपत्रकं मी पुष्कळ पाहिलीत. प्रवासाला रक्कम असते, टॅबलेटला असते, सांख्यिकी सल्लागाराला भरपूर असते. दुभाषी 'इतर खर्चा'त. पैसेही बहुधा मुलाखतीमागे इतके असे. त्याचा परिणाम सरळ आहे: जास्त मुलाखती, घाईच्या मुलाखती. रोजाने पैसे द्यावेत, दिवसाला दोन-तीनच्या वर मुलाखती नकोत, जिथे मुलाखत मधेच थांबली त्या दिवसाचेही पूर्ण पैसे द्यावेत. दर आठवड्याला तिने कोणाशी तरी, माझ्याशी नव्हे, अभ्यासाबाहेरच्या समुपदेशकाशी बोलावं, आणि तो वेळ कामाचा धरावा. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या फॉर्ममध्ये सहभागी व्यक्तीला त्रास झाला तर काय कराल, असा रकाना असतो. दुभाषीला त्रास झाला तर, असाही रकाना हवा. मी प्रत्येक बैठकीत हे मांडते आणि मांडत राहणार आहे.

१० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी मोफत सरकारी सेवा, १४४१६ हा तिचा क्रमांक, मी घरोघर लिहून देते. तिथे मराठीत बोलता येतं, हिंदीत बोलता येतं, कोरकूत नाही. अमरावती सुमारे दीडशे किलोमीटरवर, प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. तेव्हा मुलाखत संपल्यावर, अभ्यास संपल्यावरही, ताईचा फोन वाजत राहतो. डॉक्टर आले आहेत तर सोबत चल. गोळी सकाळची की रात्रीची ते विचारून दे. तिला याचे पैसे कोणी देत नाही आणि ती नाही म्हणत नाही.

अभ्यासाचे निष्कर्ष गावात सांगायची बैठक झाली तेव्हा ती ताईनेच घेतली, कोरकूत, आणि मी मागे बसून होते. बायकांनी तिला प्रश्न विचारले, ती उत्तरं देत होती, कुठे तरी हसू फुटलं, कुठे वाद झाला. मला त्यातलं थोडंच तिने नंतर सांगितलं. बाकीचं सांगायची गरज तिला वाटली नाही आणि मीही विचारलं नाही.

मग ती म्हणाली, 'दीदी, सर्टिफिकेट द्या. अंगणवाडीची भरती निघणार आहे.' मसुदा तिच्याबरोबरच बसून केला. छापील नमुन्यात 'दुभाषी म्हणून सहकार्य केले' असं होतं. ते काढून आम्ही लिहिलं: मानसिक आरोग्याच्या मुलाखती कोरकू भाषेत घेतल्या; प्रश्नावलीची कोरकू वाक्यं तयार केली; तातडीची मदत लागणाऱ्या व्यक्तींना उपचारांपर्यंत पोचवलं; गावपातळीवरची बैठक घेतली. तिने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, 'सही कोणाची? मोठ्या सरांची घ्या.' मोठ्या सरांची सही आणि शिक्का घेऊन कागद रजिस्टर पोस्टाने पाठवला. शोधनिबंधाच्या लेखकांच्या यादीत तिचं नाव जावं म्हणून मी दिलेला अर्ज अजून विचाराधीन आहे.